खान्देशातून रेसिंग इंजिनिअर होण्यासाठी: दहावीपासून पिटलेनपर्यंत

शर्यतीच्या गाडीत टायरमध्ये हवा किती भरायची, स्प्रिंग कोणती बसवायची, विंग किती अंशांवर ठेवायची, इंधन किती लिटर घ्यायचं, हे सगळं ठरवून गाडी ट्रॅकवर सोडणारा तो रेस इंजिनिअर. गाडी परत आली की ड्रायव्हर काय म्हणतो आणि डेटा काय दाखवतो हे शेजारीशेजारी ठेवून तो पुढचा बदल ठरवतो. मोठ्या संघांत त्याच्या जोडीला परफॉर्मन्स, डेटा, स्ट्रॅटेजी, टायर आणि इंजिन किंवा बॅटरी पाहणारे वेगळे इंजिनिअर असतात. भारतातल्या छोट्या संघात एकाच इंजिनिअरला दोन-तीन गाड्यांचं सगळं पाहावं लागतं. शिकणाऱ्यासाठी तीच जागा चांगली.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. फॉर्म्युला वनमधले बहुतेक इंजिनिअर ट्रॅकवर जातच नाहीत. ते कारखान्यात डिझाइन, विंड टनेल, कॉम्पोझिट, सिम्युलेशन अशी कामं करतात. ट्रॅकवरचं काम वेगळं: वर्षातले अनेक शनिवार-रविवार घराबाहेर, रात्री उशिरापर्यंत गॅरेज, आणि अर्धवट माहितीवर दहा मिनिटांत निर्णय. यातलं आपल्याला कोणतं जमेल, हे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कळायला हवं. ते कळण्यासाठी दोन्ही थोडं थोडं करून पाहावं लागतं, आणि त्याला कॉलेजच्या संघासारखी जागा नाही.

दहावी-बारावीनंतर

बारावी सायन्स करून एमएचटी-सीईटी आणि कॅप फेऱ्यांतून इंजिनिअरिंगला जाणं हा सरळ रस्ता. खान्देशात जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरीचं श्रम साधना ट्रस्टचं कॉलेज, शिरपूरचं आर. सी. पटेल, धुळ्याचं एसएसव्हीपीएस आणि फैजपूरचं जे. टी. महाजन ही नावं घरोघरी माहीत आहेत. शाखा मेकॅनिकलच हवी असं नाही. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची गरज वाढली आहे, आणि डेटाच्या कामाला कॉम्प्युटरचा विद्यार्थीही चालतो. कॉलेज निवडताना ‘ऑटोमोबाइल’ ही पाटी शोधू नका. तिथे वर्कशॉप संध्याकाळी सहानंतर उघडं राहतं का, एवढं विचारा.

दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाण्याचा रस्ता आमच्या मते अनेकांना जास्त फायद्याचा ठरतो. तीन वर्षांत हात लेथवर, मिलिंगवर आणि वेल्डिंगवर बसलेला असतो, आणि पुढे संघात हेच हात सगळ्यांना हवे असतात. आयटीआयमधून वेल्डर, फिटर, टर्नर किंवा मोटर मेकॅनिक झालेल्यालाही रेस मेकॅनिक म्हणून दार उघडं आहे. शर्यतीच्या गॅरेजमध्ये चांगल्या मेकॅनिकला पदवीवाल्याइतकाच मान असतो.

अभ्यासात कशावर भर द्यायचा? बलं आणि आघूर्ण, म्हणजे मोमेंट. कागदावर फ्री बॉडी डायग्राम काढून चारही चाकांवरचा भार काढता आला पाहिजे. त्यासोबत पायथन किंवा मॅटलॅब यांपैकी एक, आणि कोणतंही एक कॅड सॉफ्टवेअर नीट. तीन कॅड सॉफ्टवेअर अर्धवट येण्यापेक्षा एकात असेंब्लीचं ड्रॉइंग टॉलरन्ससह काढता येणं मोलाचं.

कॉलेजचा संघ: बाहा की फॉर्म्युला?

बाहा एसएई इंडिया आणि फॉर्म्युला भारत या दोन स्पर्धांतून भारतात या क्षेत्रातली बरीच मुलं पुढे येतात. बाहामध्ये ओबडधोबड रस्त्यावर चालणारी एका माणसाची गाडी बनवायची असते. पेट्रोल गटात सगळ्यांना साधारण १० अश्वशक्तीचं एकसारखं इंजिन असतं आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स, म्हणजे गाडीचा टिकाऊपणा पाहणारी शर्यत. बाहाचे अनेक हंगाम पिथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्रात झाले आहेत. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडत गेलं की चार-पाच तासांत पोचता येतं. त्यामुळे पहिल्या वर्षी गाडी नसली तरी स्पर्धा पाहून या. दुसऱ्यांच्या गाड्या कुठे तुटतात हे फुकटात शिकायला मिळतं.

फॉर्म्युला भारत ही फॉर्म्युला स्टुडंट पद्धतीची, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या छोट्या फॉर्म्युला गाड्यांची स्पर्धा गेली काही वर्षं जानेवारीत कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. तिचे नियम काटेकोर आहेत. इंजिन ७१० सीसीपर्यंत, पेट्रोल गाडीला हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किमान १५२५ मिलिमीटर. तपासणीत गाडी ६० अंशांत कलती करतात. तेव्हा तेल-पाणी-इंधन सांडता कामा नये आणि चाक उचललं जाता कामा नये. ब्रेकच्या चाचणीत चारही चाकं एकदम लॉक व्हावी लागतात. १००० गुणांपैकी मोठा वाटा एन्ड्युरन्सचा असतो. ती सुमारे २२ किलोमीटरची, मध्येच ड्रायव्हर बदलायचा आणि गाडी पुन्हा चालू करायची. इथेच कित्येक गाड्या मरतात. बंद केलेलं गरम इंजिन उष्णता आत साठवतं, पेट्रोल लाइनमध्ये वाफ होते, स्टार्टरचा आवाज येतो पण इंजिन पेटत नाही. म्हणून घरच्या सरावात ‘गरम गाडी तीन मिनिटं बंद, मग पुन्हा चालू’ हा प्रयोग दर वेळी करा.

नवा संघ असेल तर आधी बाहा करावी असं आमचं मत. इंजिन ठरलेलं असल्याने सगळं लक्ष चेसिस, सस्पेन्शन आणि टिकाऊपणावर राहतं, आणि खर्चही आवाक्यात राहतो. दोन हंगाम पूर्ण केल्यावर फॉर्म्युलाकडे वळा.

गाडीचं डिझाइन सुरू करण्याआधी नियमपुस्तक पूर्ण वाचलेली किमान तीन माणसं संघात हवीत. फॉर्म्युला स्टुडंटच्या काही स्पर्धांत नोंदणीसाठीच नियमांवर प्रश्नपरीक्षा असते. वेळापत्रक उलटं मांडा. स्पर्धा जानेवारीत असेल तर गाडी दिवाळीपर्यंत स्वतःच्या चाकांवर चालली पाहिजे, म्हणजे चेसिसचं वेल्डिंग गणपतीपर्यंत संपलं पाहिजे, म्हणजे डिझाइन मे अखेरीस गोठवलं पाहिजे. जुलैत कोणी ‘अजून एक चांगली कल्पना’ घेऊन आला तर ती पुढच्या वर्षीच्या वहीत लिहा. गाडी धावण्याचे तास कमी पडले म्हणून हरलेले संघ पुष्कळ सापडतील, डिझाइन साधं होतं म्हणून हरलेले फार थोडे.

मोजमाप: खरं काम इथून सुरू होतं

शर्यतीच्या इंजिनिअरची पहिली कसोटी म्हणजे गाडी नीट मोजता येणं. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत, पण क्रम मोडून चालत नाही.

आधी जमीन. वर्कशॉपच्या फरशीला उतार असतोच, पाणी वाहून जावं म्हणून तो मुद्दाम दिलेला असतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी घ्या. चार चाकांच्या जागा खडूने आखा आणि चारही ठिकाणची पातळी एका मिलिमीटरच्या आत येईपर्यंत खाली पत्र्याचे तुकडे घाला. मग त्या जागा ऑइलपेंटने कायमच्या रंगवा. या एका दिवसाच्या कामावर पुढच्या वर्षभराचे आकडे उभे असतात.

मग चार वजनकाटे. विद्यार्थ्यांच्या गाडीला चार सारखे डिजिटल बाथरूम काटे पुरतात. एकच वजन चारही काट्यांवर ठेवून ते सारखे दाखवतात का, हे आधी पाहा. टायरमध्ये ठरलेली हवा, टाकीत ठरलेलं इंधन, अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) सोडवलेला आणि सीटवर ड्रायव्हर स्वतः, हेल्मेटसकट. गाडी काट्यांवर ठेवल्यावर चाकं बाजूला सरकू शकली नाहीत तर सस्पेन्शन अडकून राहतं आणि आकडे खोटे येतात. त्यासाठी प्रत्येक काट्यावर मध्ये ग्रीस लावलेले दोन गुळगुळीत पत्रे ठेवा आणि गाडी दोन-तीनदा दाबून सोडा.

समजा आकडे असे आले: पुढे डावं ७०, पुढे उजवं ६८, मागे डावं ७८, मागे उजवं ८४ किलो. एकूण ३००. पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या चाकाची बेरीज १४६, म्हणजे ४८.७ टक्के. याला क्रॉस वेट म्हणतात आणि ते ५० टक्क्यांच्या जवळ हवं, नाहीतर गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला हट्ट करते. मागच्या डाव्या स्प्रिंगची खालची चकती थोडी वर चढवली की त्या चाकावरचं आणि कर्णात समोर असलेल्या पुढच्या उजव्या चाकावरचं वजन वाढतं. पण सगळी दुरुस्ती एकाच कोपऱ्यात केली तर गाडीची उंची बिघडते. म्हणून एका कर्णावर दोन्हीकडे थोडी चढवा, दुसऱ्या कर्णावर दोन्हीकडे तेवढीच उतरवा. आणि हे लक्षात ठेवा: पुढच्या-मागच्या किंवा डाव्या-उजव्या बाजूची बेरीज चकत्या फिरवून बदलत नाही. त्यासाठी बॅटरी किंवा सीटसारखी वजनदार वस्तूच हलवावी लागते. नवखे तासन् तास चकत्या फिरवत बसतात ते हे न कळल्यामुळे.

वजनानंतर कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) आणि सर्वांत शेवटी टो (वरून पाहताना चाकाचं तोंड आत की बाहेर), कारण कॅम्बर बदललं की टो बदलतो, टो बदलल्याने कॅम्बर फारसं हलत नाही. टो मोजायला गाडीच्या दोन्ही बाजूंना मासेमारीचा नायलॉन दोरा ताणा. तो गाडीच्या मध्यरेषेला समांतर आहे याची खात्री करून दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर पट्टीने घ्या. पुढे २०२ आणि मागे २०० मिलिमीटर आलं तर त्या चाकाला २ मिलिमीटर टो-इन आहे. दोन जणांनी वेगवेगळं मोजावं आणि आकडा एकमेकांना आधी सांगू नये. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

टायरची हवा हा विषय खान्देशात राहणाऱ्याला लवकर समजतो, कारण आपल्याकडचं ऊनच तो शिकवतं. मे महिन्यात पहाटे २८ अंशांना टायरमध्ये २० पीएसआय हवा भरली आणि गाडी न हलवता दुपारी ४४ अंशांना मोजली, तर गेज सुमारे २१.८ दाखवेल. हिशोब असा: गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवा, ३४.७ होतात. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या, ३०१ वरून ३१७. ३४.७ गुणिले ३१७ भागिले ३०१, म्हणजे ३६.५, त्यातून १४.७ वजा. टायर धावून ८० अंशांवर गेला तर हाच आकडा २६ पर्यंत चढतो. म्हणून सेटअप शीटवर फक्त ‘हवा २०’ लिहिणं निरुपयोगी आहे. थंड की गरम, तेव्हा टायर किती अंशांवर होता, गाडी उन्हात उभी होती की सावलीत, हेही लिहावं लागतं. उन्हात उभ्या गाडीची एक बाजू तापते आणि डाव्या-उजव्या टायरमध्ये फरक पडतो. ड्रायव्हर मग सस्पेन्शनची तक्रार करतो आणि सगळे नको तिथे पाना लावतात.

गाडी आत आल्याबरोबर टायरच्या रबरात सुई खुपसून आतली कडा, मध्य आणि बाहेरची कडा अशा तीन ठिकाणी तापमान घ्या. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त आहे. आतली कडा बाहेरच्यापेक्षा खूप गरम असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं, जास्त आहे. लांबून रोखायची इन्फ्रारेड बंदूक फक्त वरचा पृष्ठभाग दाखवते आणि तो काही सेकंदांत थंड होतो, तिच्यावर निर्णय घेऊ नका.

नट-बोल्ट, ब्रेक, वायर

एन्ड्युरन्समध्ये बंद पडलेल्या गाड्यांची यादी काढली तर इंजिन फुटल्याच्या घटना थोड्या निघतात. सैल झालेला रॉड एंडचा (सस्पेन्शनच्या दांड्याच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचा) चेकनट, निसटलेली चेन, घासून तुटलेली वायर, गळणारा ब्रेक पाइप हीच कारणं पुन्हापुन्हा दिसतात.

हार्डवेअरच्या दुकानातून बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा वाचा. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्टला किमान ८.८ ग्रेड. आकडाच नसेल तर तो बोल्ट गाडीवर नको, कितीही चकचकीत असला तरी. ८.८ ग्रेडचा एम८ बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटर आणि एम६ साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात. टॉर्क रेंच लावला की बोल्ट आणि ब्रॅकेटवर मिळून पेंट मार्करची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, हे लांबूनही कळतं. नायलॉनचा लॉकनट एक्झॉस्टजवळ लावू नका, नायलॉन वितळतं आणि पकड जाते. नटाबाहेर किमान दोन आटे दिसले पाहिजेत. बोल्टच्या आट्यांवर आडवा भार येऊ देऊ नका, भार नेहमी गुळगुळीत दांड्यावर यावा आणि ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी धरणारं असावं. रॉड एंडला ताण आणि दाब सोसतो, वाकवणारा भार सोसत नाही. तो आर्मच्या टोकाला बाहेरच्या बाजूने लावून त्याच्यावरच कॅम्बर सेट करायची सवय विद्यार्थ्यांच्या गाड्यांत फार दिसते, आणि तो तिथेच तुटतो.

ब्रेक ऑइल डॉट ४ प्रकारचं घ्या. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. हवेतला ओलावा शोषून घेतल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, म्हणून उघडी ठेवलेली बाटली पुन्हा वापरू नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. कॅलिपरचा हवा काढायचा स्क्रू वरच्या बाजूला आहे ना ते पाहा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसवला की स्क्रू खाली जातो आणि कितीही ब्लीड केलं तरी हवा निघत नाही.

वायरिंग शेवटच्या आठवड्यात करायचं काम नव्हे. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना नंबर, दर थोड्या अंतरावर पकड, धातूच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट, आणि सेन्सरच्या वायरी इग्निशन कॉइलपासून दूर. इलेक्ट्रिक गाडीत व्होल्टेज जीवघेणं असतं. इन्सुलेटेड हातमोजे, इन्सुलेटेड हत्यारं आणि शेजारी दुसरा प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय बॅटरीचं झाकण उघडायचं नाही. यात घाई, दादागिरी, मैत्री काहीही चालणार नाही.

काळी माती, पंचेचाळीस अंश आणि चाचणी

खान्देशात शर्यतीचा ट्रॅक नाही, पण चाचणीसाठी हवं ते बरंच आहे. बाहासाठी पीक निघालेलं शेत, मालकाच्या परवानगीने. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टर लवकर भरते, सीव्हीटीच्या (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्यावर बसली की पट्टा घसरतो. प्रत्येक फेरीनंतर फिल्टर उघडा आणि किती मिनिटांत भरला ते लिहा, स्पर्धेत किती फिल्टर न्यायचे ते यावरूनच ठरतं. पावसाळ्यात हीच माती टायरला इंचभर चिकटते, चाकाचं वजन वाढतं आणि ड्राइव्ह शाफ्टवरचा ताणही.

फॉर्म्युला गाडीसाठी कॉलेजचं डांबरी पार्किंग किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचं बंद आवार लेखी परवानगीने मिळवा. शंकू, दोन अग्निशामक, गाडी बंद करायची कळ माहीत असलेला माणूस आणि पूर्ण सुरक्षा पोशाख यांशिवाय इंजिन चालू करू नका. महामार्गावर किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर चाचणी घेणं गुन्हा आहे, आणि तिथून आलेल्या आकड्यांना किंमतही नसते.

इंजिनच्या ट्यूनिंगवर उन्हाचा परिणाम मोठा. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास विरळ होते, तेवढीच ताकद कमी. जळगावात मे महिन्यात ४५ अंशांना हवा-इंधनाचं मिश्रण अचूक बसवलं आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) हवेच्या तापमानाचा सेन्सर नसेल, तर जानेवारीत ३० अंशांना हवा सुमारे पाच टक्के दाट मिळते आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. कोईमतूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर, जळगाव २०० च्या आसपास. या उंचीमुळे त्यातले दोनेक टक्के परत जातात. तरी फरक उरतोच. ट्यूनिंगच्या प्रत्येक नोंदीवर तापमान लिहा. दुसऱ्या बाजूने, मे महिन्याच्या दुपारी जिची रेडिएटरची व्यवस्था वीस मिनिटं टिकली ती गाडी कोईमतूरला जानेवारीत तापणार नाही. ही सोय आपल्याकडे फुकट आहे.

चाचणीत एका वेळी एकच बदल. आधी मूळ सेटअप, मग बदललेला, मग परत मूळ. शेवटची पायरी लोक गाळतात. ट्रॅकवर रबर बसत जातं, ड्रायव्हरचा हात बसत जातो, ऊन बदलतं. त्यामुळे काहीही बदललं तरी वेळ सुधारलेली दिसते. मूळ सेटअपवर परत आल्यावर वेळ पुन्हा वाढली तरच बदल खरा.

डेटा वाचायला घरी बसून शिका

मोटेक कंपनीचं आय२ हे डेटा पाहायचं सॉफ्टवेअर मोफत उतरवता येतं. असेटो कोर्सा काँपेटित्सिओने या सिम्युलेटरमधून त्याच स्वरूपाच्या फाइल निघतात, म्हणजे गाडी नसतानाही सराव होतो. वेग, थ्रॉटल, ब्रेक, स्टिअरिंग आणि आडवा जी (वळणात बाजूला बसणारा जोर) हे पाच आलेख अंतराच्या अक्षावर मांडा, वेळेच्या नव्हे, तरच दोन लॅप्स एकमेकांवर बसतात. मग दोन लॅप्समधल्या वेळेच्या फरकाचा आलेख पाहा आणि तो कुठे चढतो तेवढंच शोधा. ब्रेक किती मीटर आधी दाबला, वळणातला किमान वेग किती, पूर्ण थ्रॉटल कुठे आला. तीन ओळींत उत्तर लिहा. रोज एक लॅप, असं सहा महिने केलं तर पदव्युत्तर वर्गातल्या अनेकांच्या पुढे असाल.

स्वतःच्या गाडीवर जीपीएस लावताना मोबाइलवर विसंबू नका. सेकंदाला एकच नोंद होत असेल तर ताशी १०० किलोमीटर वेगाला दोन नोंदींमध्ये जवळजवळ २८ मीटर जातात, आख्खं वळण निसटतं. सेकंदाला दहा नोंदी घेणारा जीपीएस घ्या.

ड्रायव्हरशी बोलणं

गाडीतून उतरल्यावर पहिली दोन मिनिटं ड्रायव्हरची. लॅपटॉप बंद ठेवा, आलेख आधी दाखवला की तो आलेखासारखंच बोलायला लागतो. प्रत्येक वळणाचे तीन भाग करून विचारा: शिरताना, मध्ये, बाहेर पडताना. ‘गाडी वळत नाही’ एवढ्यावरून काही करता येत नाही. ब्रेक सोडताना पुढून सरकते, की मधोमध, की थ्रॉटल दिल्यावर, यावर उपाय वेगळा. शिरताना असेल तर आधी ब्रेकचा पुढचा-मागचा समतोल आणि पुढचा टो पाहतात. मध्ये असेल तर पुढचा अँटी-रोल बार मऊ करतात किंवा टायरची हवा तपासतात. बाहेर पडताना असेल तर डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) आणि मागची स्प्रिंग. घरच्या संघात अहिराणीत बोला, मराठीत बोला, पण शब्द ठरवून घ्या. ‘घसरते’ म्हणजे पुढून की मागून, हे एकदा लिहून भिंतीवर लावा. बाहेर गेल्यावर रेडिओवर इंग्रजीच चालते, म्हणून छोटी इंग्रजी वाक्यं मोठ्याने बोलायचा सरावही हवा. रेडिओवर ड्रायव्हर सरळ रस्त्यावर असतानाच बोला, वळणात किंवा ब्रेक दाबताना कधीच नाही.

पहिलं काम कुठे?

भारतात सर्किट रेसिंगचं केंद्र कोईमतूर आणि चेन्नई. कोईमतूर हे गिरण्यांचं आणि पंपांचं शहर, लेथवर हात बसलेल्या माणसांचं. तिथल्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन वापरून एका सीटच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या, आणि करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाने आहे. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतल्या टूलरूममध्ये काम शिकलेल्या मुलाला तिथलं वातावरण परकं वाटणार नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब चालवतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ मध्ये मोटोजीपी. दुचाकीत टीव्हीएस रेसिंग आणि डकार रॅलीत उतरणारी हिरो मोटोस्पोर्ट्स यांची कामं मोठी आहेत.

आत शिरायचं सर्वांत सोपं दार मार्शलचं. मोटर शर्यतींची देशातली मान्यताप्राप्त संघटना एफएमएससीआय. तिच्या देखरेखीखालच्या शर्यतींना स्वयंसेवक मार्शल लागतात आणि क्लब त्यांना प्रशिक्षण देतात. दोन शर्यती झेंडे हाती घेऊन उभे राहिलात की कोणता संघ शिस्तीचा आणि कोणता नाही हे दिसतं. मग त्या संघाला हंगाम सुरू होण्याआधी लिहा, हंगामाच्या मध्यावर कोणाला वेळ नसतो. सुरुवातीला टायर उचलणं, हवा मोजणं, लॅप टाइम लिहिणं हीच कामं मिळतील. ती बिनचूक करणाऱ्याकडेच पुढे सेटअप शीट येते.

पैशांचं स्पष्ट सांगायला हवं. भारतातल्या शर्यती हंगामी आहेत आणि फक्त त्यावर घर चालवणं पहिली काही वर्षं अवघड जातं. म्हणून बरेच जण पुणे-चाकणच्या वाहन कंपन्यांत, एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत किंवा होसूर-चेन्नईच्या कारखान्यांत व्हेइकल डायनॅमिक्स, चाचणी किंवा कॅलिब्रेशनची नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी संघासोबत जातात. घरच्यांना समजावतानाही हे उपयोगी पडतं: हीच कौशल्यं वाहन उद्योगात चालतात, वर्षं फुकट जात नाहीत.

परदेशी जायचं असेल तर

फॉर्म्युला वनचे बहुतेक संघ इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनच्या परिसरात किंवा तिथून फार लांब नसलेल्या गावांत आहेत: ब्रॅक्ली, मिल्टन कीन्स, एन्स्टोन, ग्रोव्ह, वोकिंग. म्हणून क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स या विद्यापीठांचे मोटरस्पोर्टचे मास्टर्स अभ्यासक्रम लोक निवडतात. इटलीत एमिलिया-रोमान्या भागातल्या विद्यापीठांनी आणि तिथल्या वाहन कंपन्यांनी मिळून चालवलेला म्युनर हा उपक्रम आहे, त्यात रेसिंग कार डिझाइन इंग्रजीतून शिकता येतं. फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा: विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खऱ्या संघात पाठवतात का? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे बघा.

अर्जासोबत दोन पानांचा पोर्टफोलिओ पुरतो. त्यात गाडीचे चकचकीत फोटो नकोत. एक अडचण, ती कशी मोजली, काय बदललं, आकडा किती सुधारला आणि काय सुधारलं नाही, एवढं हवं. चार जणांनी मिळून केलेल्या कामात तुमचा वाटा कोणता ते स्वच्छ लिहा, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

खर्चासाठी राज्य सरकारच्या सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास विभागांच्या परदेशी शिक्षण शिष्यवृत्त्या आहेत. नंदुरबार, शहादा, साक्री, चोपडा भागातल्या मुलांनी त्या जरूर पाहाव्यात. जे. एन. टाटा एन्डोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे. शासकीय योजनांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असू शकते, म्हणून विद्यापीठ ठरवण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचा. अर्जाची मुदत थोडी असते. जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत हातात ठेवा.